पितळ उड्या मारतंय

काटेवाडी
११ ऑगस्ट १९९४

तात्या,

मल्हारचा तुम्हाला आणि रंगूकाकूंना नमस्कार. अक्षर बदललेलं दिसेल. मार्चमध्ये उजव्या हाताची चार बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली हे तुम्हाला माहीत आहेच. आता डाव्या हाताने लिहायची सवय केली आहे. जखम भरली. गुडघ्यांमुळे तुम्हाला दवाखान्यात येता आलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पत्राचं कारण असं, की घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला लेथ परत चालू केला आहे. मी हौसेनं करायला घेतलेलं ते वाफेचं छोटं इंजिन अर्धवट राहिलं होतं. फ्लायव्हील आणि बैठक झालेली आहे. सिलिंडर, पिस्टन आणि बॉयलर बाकी. पण पितळ लावलं की टूल एकदम आत घुसतं आणि पितळ उड्या मारतं. काल तर तुकडा त्याला धरून फिरवणाऱ्या चकमधून निसटून पत्र्यावर आपटला. टूलला धार कशी लावायची आणि ते किती उंचीवर बांधायचं, हे सविस्तर लिहावे. अगदी नवख्याला सांगावं तसं. अपघातानंतर बऱ्याच गोष्टी डोक्यातून गेल्या आहेत आणि इथं विचारायला कुणी नाही.

उलट टपाली उत्तर द्या. घाई आहे.

आपला,
मल्हार


कळंब
१८ ऑगस्ट १९९४

चि. मल्हार,

सावळाराम मदन्याचा आशीर्वाद. पत्र पोचलं. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग माझा प्रश्न इचारतो.

पितळाच्या टूलला वरून उतार द्यायचा नसतो. माथा सपाट ठेवायचा. पोलादाला उतार लागतो, कारण ते सोलून निघतं. पितळ सोलायचं न्हाय, खरवडायचं. उतार दिला की पितळ टूलला आत वडून घेतं आणि मग उड्या मारतं. उंचीचं म्हणशील तर सहा इंची स्टीलची पट्टी घे. टूलचं टोक आणि जॉब, म्हंजे चकमधला तुकडा, यांच्या मधी हलकी धर. पट्टी सरळ उभी ऱ्हायली तर टूल बरोबर मध्यावर हाय. पट्टीचं वरचं टोक तुझ्याकडं झुकलं तर टूल खाली हाय, खाली पत्र्याची चकती सारून वर उचल.

आता माझा प्रश्न. तू सोळा वर्षांचा हुतास तवा माझ्या घरी ऱ्हायला आलास. चार वर्सं माझ्या हाताखाली टर्नरचं काम शिकलास. पितळाला सपाट टूल, ही गोष्ट पयल्या आठवड्यातली. ती तू परत कधी चुकला न्हाईस. बोटं गेल्यानं ही गोष्ट जात न्हाय, ती बोटात नसतीच. आणि 'सविस्तर लिहावे' असलं मल्हार लिवत न्हाय. सही बी 'आपला' अशी करत न्हाय. त्यो 'तुमचा मल्ल्या' लिवतो.

सूनबाई, हे पत्र तू लिवलंस न्हवं? मल्हार कुठं हाय? हाय न्हवं त्यो? काय असंल ते खरं लिव. माझा जीव टांगणीला लागलाय.

सावळाराम


काटेवाडी
२४ ऑगस्ट १९९४

तात्या,

ओळखलंत. पत्र मीच लिहिलं होतं. बाईमाणसाला लेथ कोण शिकवणार, असं वाटलं म्हणून यांचं नाव घातलं. चूक झाली.

हे आहेत. जेवतात, अंघोळ करतात, ओसरीवर खांबाला टेकून बसतात. पण बोलत नाहीत. दवाखान्यातून आणल्यापासून एक शब्द नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, गळ्याला काही झालेलं नाही म्हणाले. सासूबाई समोर बसून हाका मारतात, थोरले दीर आप्पासाहेब आधी समजावायचे, आता चिडतात. हे सगळ्यांकडं बघतात, पण जसं रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडं बघावं तसं. मी फवारणीचं औषध शेजारच्या मुक्ताबाईंच्या घरी नेऊन ठेवलंय. विहिरीवर पाण्याला जाताना मी त्यांना बरोबर घेऊन जाते आणि सावलीत बसवते. लोकांना वाटतं, किती जीव लावते. मला भीती वाटते, तात्या, बाकी काही नाही.

जुलैच्या शेवटी मी शेड झाडायला गेले होते. टूल पुसायला काढलं आणि अंदाजानं परत बांधलं. फडका मारताना हात बटणाला लागला आणि लेथ चालू झाला. चकमध्ये मार्चपासूनचा पितळाचा तुकडा तसाच होता. बंद कसं करायचं कळेना, म्हणून एक चाक फिरवलं, तर टूल पुढं जाऊन खर्रकन आवाज झाला. वळून बघते तर हे दारात उभे. म्हणाले, "टूल खाली हाय."

तीन शब्द, तात्या. चार महिन्यांतले पहिले. मी हात जोडून म्हटलं, अजून काहीतरी बोला. पण ते वळले आणि ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हापासून लाइट असली की मी रोज लेथ चालू करते. पहिले दोन दिवस ते दारापर्यंत आले. मग यायचे थांबले. चुकीचं काम त्यांना ऐकवत नसणार. म्हणून मला ते बरोबर शिकायचंय. बरोबर आवाज आला तर ते येतील, असं माझ्या मनानं घेतलंय. वेडेपणा असेल. माझ्याकडं दुसरं काही नाही.

कळंबहून काटेवाडी किती लांब? एकदा या. त्यांचं तुमच्यावर वडिलांपेक्षा जास्त प्रेम आहे. तुम्ही नुसते समोर बसलात तरी पुरे.

मनिषा


कळंब
२ सप्टेंबर १९९४

सूनबाई,

पत्र वाचून रंगू रडली. मी बी काय दगड न्हाय.

मला यायला जमत न्हाय. गुडघे सुजल्यात, यष्टीची पायरी चढवत न्हाय. पण शिकवतो. इचारशील ते सांगतो. बाईला काम येत न्हाय असं मी कधी मानलं न्हाय. लेथला काय कळतंय, चाक कोण फिरवतंय ते?

पयली गोष्ट, लेथपाशी जाताना पदर कमरंला घट्ट खोच आणि केसांचा आंबाडा बांध. हातात बांगड्या ठेवायच्या न्हाईत. काचंच्या नको, सोन्याच्या नको, एक सुदिक नको. फिरतं चक बांगडी धरतं आणि बांगडीसंगं हात. हे मी तुला चारदा सांगणार न्हाय.

दुसरी, लेथला हात लावायच्या आधी आठ दिवस कानस चालव. पितळाचा चौकोनी तुकडा बाकाच्या शेगड्यात, म्हंजे व्हाइसमधी, पकड आणि त्याची एक बाजू सपाट कर. सपाट म्हंजे काचंवर ठेवला तर डुगडुगला न्हाय पायजे. कानस पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची. दंडानं न्हाय, सगळ्या अंगानं. पयल्या दिवशी वाटंल झालं सपाट. झालेलं नसतंय. मल्हारला अकरा दिवस लागलं हुतं.

सिलिंडर त्याच तुकड्यात व्हईल. मधी सहा सुताचं, म्हंजे पाऊण इंची भोक. आधी ड्रिलनं बारीक पाड, मग बोअरिंग टूलनं जरा जरा मोठं कर. शेवटचे काप अगदी केसाएवढे. घाई केली की तोंडाशी भोक मोठं आणि आत बारीक व्हतंय.

त्यो काय खातो, झोपतो का, हे बी लिव.

सावळाराम


काटेवाडी
२१ सप्टेंबर १९९४

तात्या,

आधी बांगड्यांचं सांगते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी साबण लावून हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि देवळीत ठेवल्या. हात नुसते बघून मलाच कसंतरी झालं. नवरा जिता असताना रिकामे हात. पण पत्रात तुम्ही लिहिलं होतं, म्हणून पदर खोचला आणि शेडमध्ये गेले. आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कामं झाली की मी परत घालायची. नवव्या दिवशी सासूबाई मला हाक मारायला शेडमध्ये आल्या आणि त्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली.

त्यांनी अंगणात येऊन हंबरडाच फोडला. "माझं लेकरू जितं हाय अजून! आत्ताच हात मोकळं केलंस व्हय गं?" आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. आप्पासाहेब मळ्यातून पळत आले. मी सांगायला लागले तर माझं ऐकतंय कोण. सासूबाई कपाळ बडवून घेत होत्या आणि मी हातात कानस घेऊन मधोमध उभी.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "मशिनीवर बांगड्या चालत न्हाईत, आय."

सासूबाई रडायच्या थांबल्या आणि मग दुप्पट रडायला लागल्या, यांच्या गळ्यात पडून. ते तसेच बसून होते. परत काही बोलले नाहीत. पण आता माझे हात दिवसभर रिकामे असतात आणि घरात कुणी हूं का चूं करत नाही.

मला सपाट करायला बारा दिवस लागले. काचेवर ठेवला तर डुगडुगत नाही. तो तुकडा मी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी डावा अंगठा त्याच्यावरून फिरवला आणि परत दिला.

पण सिलिंडर जमत नाही. दोन तुकडे वाया गेले. एकात भोक वाकडं गेलं, दुसऱ्यात तुम्ही म्हणालात तसं तोंडाशी मोठं झालं. आता एकच तुकडा उरलाय. आणि दुसरी गोष्ट अशी, की काल बारामतीचा भंगारवाला आला होता. मी बोलावला नव्हता, आप्पासाहेबांनीही नाही. यांनीच चिठ्ठी पाठवली होती, मोडक्यातोडक्या अक्षरात, 'लेथ घेऊन जा'. मी हातापाया पडून त्याला परत पाठवलं. दिवाळीच्या आधी टेंपो घेऊन येतो म्हणाला.

मी एवढं करतेय आणि ते लेथच घालवतायत. मला काही कळेनासं झालंय. तात्या, या ना. गुडघ्यांचा त्रास असेल तर आप्पासाहेब जीप घेऊन येतील. मी त्यांना विचारलंय, ते तयार आहेत.

मनिषा


कळंब
२९ सप्टेंबर १९९४

सूनबाई,

जीप पाठवू नकोस. रंगूला बरं न्हाय, तिला सोडून येता येत न्हाय.

या पत्रासंगं पार्सल पाठवतोय. गनमेटलचा तुकडा हाय, पितळापरीस चांगला. भोक शेवटी साफ करायचा सहा सुताचा रीमर हाय, माझ्या पेटीतला, सव्वीस वर्सं वापरलेला. बोअर एक केस कमी ठेव आणि मग रीमर हातानं फिरव, तेल घालून, उलटा फिरवायचा न्हाय. पिस्टन बसला का ते असं बघ, सिलिंडरचं एक तोंड अंगठ्यानं बंद कर आणि पिस्टन वड. बाटलीचं बूच निघाल्यावानी आवाज आला पायजे.

भंगारवाल्याला थोपव. कसं बी कर, पण लेथ जाऊ देऊ नकोस.

सावळाराम


काटेवाडी
२० ऑक्टोबर १९९४

तात्या,

सिलिंडर झाला. बूच निघाल्यासारखा आवाज येतो. ते सांगायला हे पत्र नाही.

परवा दुपारी मी तो आवाज त्यांना ऐकवायला धावत ओसरीवर गेले, तर ते नव्हते. घरात नाही, गोठ्यात नाही. मी अनवाणीच पळत सुटले. उसाच्या बांधानं, मग कालव्याच्या रस्त्यानं. वाटेत दिसेल त्याला विचारत होते. पुलाच्या पलीकडं ते दिसले. कालव्याच्या कडेला बसलेले, चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. पाणी भरून चाललं होतं.

मी जवळ जाऊन बसले. हाताला धरलं नाही. धरलं तर उडी मारतील असं वाटलं. माझ्या मुठीत सिलिंडर आणि पिस्टन होता, घामानं ओला झालेला. मी सिलिंडर अंगठ्यानं बंद करून पिस्टन ओढला. आवाज झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "रीमर कुणाचा?"

मी म्हटलं, "तात्यांचा. त्यांनी पाठवला. ते येणार आहेत."

ते म्हणाले, "तात्या यायचं न्हाईत. तू बोलवू नको."

एवढंच. चपला घातल्या आणि माझ्यामागं घरी आले. आता सासूबाई आणि मी पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसतो.

तात्या, मला सरळ सांगा. तुम्ही येणार नाही हे त्यांना कसं माहीत? दोन महिने मी तुम्हाला बोलावतेय. कधी गुडघे, कधी काकू. मुक्ताबाईंचा भाचा कळंबला असतो. तो सांगत होता, तुम्ही नवरात्रात सायकलवर बाजारात दिसलात. मी तुमच्यावर संशय घेतला म्हणून पुढं माफी मागेन. आज मागत नाही. तुमच्या दोघांत काय झालंय? मला नवऱ्याला वाचवायचंय आणि मी कशाशी लढतेय तेच मला माहीत नाही.

मनिषा


कळंब
२६ ऑक्टोबर १९९४

सूनबाई,

गुडघे चांगले हाईत. रंगूला बी काय झालं न्हाय. हे पत्र ती समोर बसून लिवून घेतीया. ती म्हणली, आज लिवलं न्हाईत तर उद्या मी माहेरी जाते.

मल्हार ज्या प्रेस शॉपमधी कामाला हुता, त्याच्या मालकानं फेब्रुवारी संपता संपता मला बोलवलं. माल कमी निघतोय, बघा म्हणला. मी गेलो. रिटायर झाल्यापासनं मला कुणी असं बोलवलं नव्हतं. फेटा बांधून गेलो.

त्या प्रेसला दोन बटणं हाईत. दोन हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येती. म्हंजे एक बी हात प्रेसखाली ऱ्हात न्हाय, त्यासाठीच केलेलं असतंय. मी म्हणलं, एक बटण कायमचं दाबून ठिवलं तर एका हातानं माल सारता येईल, काम दुप्पट. मालक खूश झाला. मी बाभळीचा तुकडा घेतला, खिशातल्या चाकूनं पाचर तासली आणि उजव्या बटणात ठोकली.

मल्हार म्हणला, "तात्या, हे बरं न्हाय."

मी चारचौघांत त्याला म्हणलो, "भ्या वाटत असंल तर घरी जाऊन भाकरी थाप." सगळी हसली. त्यानं मान खाली घातली आणि कामाला लागला. तेरा दिवसांनी हात गेला.

चौकशी झाली तवा मालकानं सांगितलं, पाचर कामगारानंच मारली. मल्हारला दवाखान्यात इचारलं. त्यानं 'मीच मारली' असं सांगून कागदावर डावा अंगठा उठवला. माझं नाव घेतलं न्हाय. मालकानं मला निरोप धाडला, 'तुमचं नाव आलं न्हाय, निर्धास्त ऱ्हावा.' सूनबाई, तवा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग कुठल्या तोंडानं येऊ? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता मार्चचा ऑक्टोबर झाला. तुझी पत्रं आली तवा वाटलं, हिला शिकवलं तर थोडं फिटंल. काय फिटत न्हाय. त्यो कालव्यावर जाऊन बसतो आणि मी हितं टूलचा उतार शिकवतोय.

आज सकाळी कामगार खात्याच्या साहेबाला रजिस्टर पत्र टाकलंय. पाचर मी मारली, मल्हारनं नको म्हणलं हुतं, असं सगळं लिवून खाली सही केलीया. त्याचं काय व्हायचं ते हुंदे.

हे पत्र मल्हारला दाखवायचं का न्हाय ते तू ठरव. दाखवलंस तर त्यो माझं तोंड बघणार न्हाय. ते मला कबूल हाय. त्यो जगला पायजे.

सावळाराम


कळंब
२१ नोव्हेंबर १९९४

सूनबाई,

दिवाळी झाली. सव्वीस दिवस झालं, तुझं पत्र न्हाय.

मागल्या सोमवारी मी काटेवाडीला आलो हुतो. फाट्यावर उतरलो. तुमच्या घराकडं जाणारा रस्ता समोर दिसत हुता. तितं झाडाखाली बसलो. एका बाईला इचारावं, मल्हार गावड्याच्या घरी सगळं ठीक हाय का, तर तोंडातनं शबुद फुटंना. ती काय सांगंल, याचं भ्या वाटलं. दोन यष्ट्या गेल्या. तिसरीनं मी परत आलो. रंगू माझ्याशी बोलत न्हाय.

दुसरं काय मागत न्हाय. एक कार्ड टाक. त्यावर 'हाय' एवढंच लिव.

सावळाराम


काटेवाडी
३० डिसेंबर १९९४

तात्या,

हे आहेत.

उत्तर द्यायला उशीर झाला, तो मी मुद्दाम केला. तुमचं पत्र वाचल्यावर मला वाटलं, तुम्हीही थोडे दिवस वाट बघावी. आता तसं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं, म्हणून खरं ते सांगितलं.

पत्र दुपारी आलं. मी एकदा शेडमध्ये वाचलं आणि मग ओसरीवर येऊन त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला घेतलं. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. पाचरीच्या ओळीशी आले तर ते म्हणाले, "वाचू नको." मी थांबले. मग म्हणाले, "पुढं वाच." मालकाचा निरोप आणि 'तवा मला बरं वाटलं' हे वाचल्यावर त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून अंगणात भिरकावला. डाव्या हातानं. आणि ओरडले. तात्या, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सतरा दिवस! सतरा दिवस दवाखान्यात दाराकडं बघत हुतो मी! ह्या माणसापायी खोटं बोललो आणि ह्यो सायकलवर बाजार हिंडतोय!"

आणि मग सगळं बाहेर आलं. तुम्ही याल, मान खाली घालाल, मग आपण दोघं मिळून साहेबाला खरं सांगू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तुम्ही आला नाहीत. तुमचं नाव घ्यायचं नाही म्हणून ते गप्प बसले आणि मग दुसरं काही बोलायलाही तोंड उघडेना. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल, अशी भीती. ते बोलत होते आणि रडत होते आणि सासूबाई ज्वारीचं सूप तसंच मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्यानंतर चार दिवस त्यांनी घरात सगळ्यांवर तोंड टाकलं. भाजीत मीठ कमी, गाय का बांधली नाही, शेडचं दार कुणी उघडं टाकलं. पाचव्या दिवशी आप्पासाहेब मला म्हणाले, "गप हुता तवाच बरा हुता गं." आणि स्वतःच हसले. मीही किती महिन्यांनी हसले.

भंगारवाला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी टेंपो घेऊन आला. हेच पुढं झाले. "लेथ द्यायचा न्हाय. चिठ्ठी मी लिवली हुती, तवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चहा पिऊन जावा." तो बिचारा चहा पिऊन गेला.

मग ते शेडमध्ये यायला लागले. शिकवायची तुमची तऱ्हा वेगळी, यांची वेगळी. तुम्ही पत्रात कधी रागावला नाहीत. हे माझ्या मागं स्टुलावर बसतात आणि चुकलं की ओरडतात. "आवाज ऐक की! टूल किंचाळतंय ते कळंना का?" मला राग येतो. मी एकदा पाना आपटून निघून गेले, तर तेच भाकरी ताटात घेऊन मागून आले. काम मात्र भराभर पुढं गेलं. क्रँक झाला. पिस्टनचा दांडा झाला. बॉयलर तांब्याच्या नळीचा केला. टाकणखार लावून चांदीचा डाख मी दिला, ते डाव्या हातानं स्टोव्हची ज्योत धरून होते. पहिला बॉयलर सांध्यात फाटला, उकळतं पाणी उडून माझा दंड भाजला. मला वाटलं, ते परत गप्प होतात की काय. पण ते उठले, दंडाला तूप लावलं आणि म्हणाले, "चूक माझी. सांधा मी तपासायला पायजे हुता." दुसरा बॉयलर टिकला.

मागच्या आठवड्यात कामगार खात्याचे साहेब घरी येऊन गेले. तुमचा अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का? हे जरा वेळ त्या कागदावरच्या तुमच्या सहीकडं बघत होते. मग म्हणाले, "खरं हाय. पण मला न्हाय म्हणता आलं असतं, ते बी लिवून घ्या." साहेबांनी लिहून घेतलं.

मंगळवारी सकाळी इंजिन चाललं. बॉयलरखाली स्पिरीटचा दिवा लावला, दहा मिनिटं काही झालं नाही. वाफ फुसफुसायला लागली. त्यांनी चाकाला बोट लावलं, अर्धा फेरा झाला आणि थांबलं. परत लावलं, परत थांबलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तू लाव. तू केलंयस." मी बोट लावलं आणि चाक फिरायला लागलं, तात्या. आधी अडखळत, मग सरळ. तळहाताएवढं ते इंजिन टकटक करत धावत होतं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "एवढ्यासाठी व्हय सगळं?" हे जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांचं नाक वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

आता तुमच्याबद्दल. मी त्यांना विचारलं, तात्यांना बोलावू का? ते म्हणाले, "इतक्यात नको." म्हणून दोन महिने या या म्हणून लिहिणारी मी आता लिहितेय, येऊ नका. फाट्यापर्यंतसुद्धा नको. यायचं झालं की मी कळवीन. ते कधी, मला माहीत नाही. रंगूकाकूंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना म्हणावं, आता बोला तुमच्या माणसाशी. न बोलणाऱ्या माणसाबरोबर राहणं काय असतं ते मला विचारा.

हे पत्र त्यांनी वाचलंय. मधल्या, दवाखान्यातल्या सतरा दिवसांच्या ओळींपाशी थांबले, परत वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला. फाडला नाही.

एक विचारायचं राहिलं. इंजिन चालतं, पण सिलिंडर आणि त्याच्या मागची पट्टी जिथं एकमेकांवर घासतात, तिथून वाफ गळते. मी दोन दिवस यांना विचारतेय, का गळते आणि काय करायचं. यांना माहीत आहे, चेहऱ्यावरून कळतं. पण ते सांगत नाहीत. आज सकाळी परत विचारलं तर म्हणाले, "ते तात्याला इचार."

म्हणून विचारतेय. लवकर लिहा.

मनिषा